शेवटचं पान

एलिएसेर मान्सिया आमचा पेपर मागून वाचतो.
मागून म्हणजे शेवटच्या पानापासून,
आणि तिथंच थांबतो.
भरती: पहाटे चार सत्तावीस, पाच मीटर नव्वद.
ओहोटी: दहा एकेचाळीस, शून्य मीटर ऐंशी.
तेवढं पान फाडून तो होडीच्या केबिनमध्ये खिळ्याला टोचतो.
उरलेला पेपर ओल्या बुटांत कोंबायला.

मी त्या बुटांत बावीस वर्षं लिहिते आहे.
नेल्दा ओयार्सो, राजकीय वार्ताहर, चिलोए बेट.
पाच महापौर पाहिले. पाचांचीही कॉफी प्यायले,
एकाच्या मुलीच्या लग्नात तर नाचले.
‘विश्वसनीय सूत्रांकडून कळते’ एवढं
माझी बोटं झोपेतही टाइप करतात.
सूत्रं म्हणजे कोण?
बहुतेक वेळा एरार्दो, पालिकेचा प्रसिद्धी अधिकारी.
माझ्या फोनमध्ये त्याचं नावच ‘सूत्र’ असं आहे.
एकवचनी.

मार्चात छापखान्यात कुणाचा तरी डोळा लागला
आणि बुधवारची ओहोटी चाळीस मिनिटं उशिराची छापली गेली.
कार्कामोंची होडी चिखलात बसली,
शिंपल्यांच्या अकरा गोण्यांसकट, उन्हात, सहा तास.
दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आत सहा जण दारात.
कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं.
रोसाल्बा कार्कामोनं पान टेबलावर पसरलं,
आकड्यावर बोट ठेवलं
आणि उचललंच नाही.
संपादक उठून उभे राहिले,
एरवी ते महापौर आले तरच उठतात.
शुक्रवारी माफी. पहिलं पान, जाड चौकट.

त्याच बुधवारी, पान दोनवर, माझी बातमी होती:
उत्तरेच्या खाडीतल्या धक्क्याचं काम साठ टक्के पूर्ण.
साठ हा आकडा सूत्राचा.
मी गेले नव्हते. रस्ता वाईट, गाडीत तेल कमी,
आणि साठ दिसतोही बरा,
ना बढाई, ना कबुली.
त्या खाडीत चारशे माणसं राहतात.
रोज उठून त्यांना तो धक्का दिसतो.
दारात कुणीही आलं नाही.

मी वाट पाहिली, खरं सांगते.
काचेवर सावली पडली की मान वर करायची.
एकदा पोस्टमन. एकदा कुत्रं.
चुकणाऱ्या घड्याळाला माणूस चापट मारतो.
बंद पडलेलं भिंतीवर असतं, इतकंच.

रविवारी गेले मग. वेळ बघून,
आमच्याच शेवटच्या पानात.
चार खांब. चौथा कललेला.
त्यावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा,
कामावर हजर असलेला एकटाच.
सिमेंटची पोती जागच्या जागी दगड झालेली.
कुठं पाणी मुरतंय म्हणून बघायला गेले
तर समोर कोरडा चिखल, दूरवर.

लिहिलं. संपादक म्हणाले, ‘बघू.’
आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे डोळे मिटायचे.
पान दोनवर पालिकेची जाहिरात आली, अर्धं पान, रंगीत.
तेव्हा रात्रपाळीच्या हिलारियोला गाठलं.
भरतीच्या तक्त्याखाली जागा असते
चंद्राची कला छापतात तिथं, चार ओळींची.
त्याच टायपात, त्याच आकारात:

उत्तरेची खाडी. धक्का. खांब चार.
साठ टक्के छापलं होतं, ती चूक होती.
स्वतः जाऊन पाहिलं.
रविवार, ओहोटी, दहा वाजून तीन मिनिटं. ने. ओ.

सकाळी बंदरावर उभी राहिले, टोपी ओढून.
एलिएसेरनं पान फाडलं, टोचलं,
वेळ बघितली, इंजिन सुरू केलं.
खाली नजर गेली की नाही, कळलं नाही.
मी वाकून केबिनमध्ये डोकावले:
खिळा दुसऱ्या ओळीतून आरपार,
‘चूक’ आणि ‘होती’ यांच्या बरोबर मधून.